महिमानगडच्या बुरुजावरून

लंडन शहरात किंग हेन्रीज रोडवर दहा नंबरचे घर आहे. विलायतेत शिकत असताना १९२१-२२ च्या सुमारास बाबासाहेब तेथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ते घर विकत घेतले. तेव्हापासून लंडनला जाणारा आपला माणूस ते घर पाहिल्याशिवाय सहसा परतत नाही. आमच्या एका सहकाऱ्याचा मुलगा कामानिमित्त तिकडे गेला होता, तोही पाहून आला. मात्र त्याने दाखविलेल्या फोटोंत घराचे फोटो चार आणि उंच मनोऱ्यांवरून काढलेले फोटो चाळीस!

त्यातच एक प्रमाणपत्र निघाले. लंडनमध्ये १६६६ साली मोठी आग लागली होती. तिच्या स्मरणार्थ उभारलेला २०२ फूट उंचीचा दगडी स्तंभ तेथे आहे. आत गोल गोल फिरत जाणारा ३११ पायऱ्यांचा जिना आहे आणि जो वर चढून येतो त्याला खाली आल्यावर प्रमाणपत्र देतात. आम्हा कारकून मंडळींचा जन्म प्रमाणपत्रांवर शिक्के मारण्यात गेला. जातीचे पाहिले, उत्पन्नाचे पाहिले, हयातीचे पाहिले. जिना चढल्याचे मात्र प्रथमच पाहिले.

मुलगा सांगत होता की युरोपात प्रवासी लोकांची ही रीतच आहे. नव्या गावात उतरायचे, पिशवी खोलीवर टाकायची आणि गावातले सर्वात उंच शिखर कोणते ते विचारून तिकीट काढायचे. सेंट पॉल चर्चच्या घुमटाच्या अगदी वरच्या सज्जापर्यंत ५२८ पायऱ्या आहेत, त्या त्याने एका दमात चढल्या म्हणे. (एका दमात हे आम्ही निम्मे धरले.) पण त्याचे एक म्हणणे आम्हाला पटले. वरून एकदा पाहिले की नदी कुठे, बाजार कुठे, स्टेशन कुठे हे डोक्यात बसते. मग माणूस त्या गावात हरवत नाही.

यावर मधल्या सुट्टीत कोणीतरी विचारले, “आपल्याकडे काय आहे असे चढायला?” आम्ही मूळचे माणदेशातले. नोकरीमुळे साताऱ्यात स्थायिक झालो, तरी नातीगोती दहिवडी-म्हसवडपासून आटपाडीपर्यंत पसरलेली. प्रश्न आम्हाला झोंबला. आमच्या मुलखात चर्चचे मनोरे नसतील, परंतु गड आहेत, गढ्यांचे बुरुज आहेत, धाब्याची माळवदे आहेत. एवढे असून आमच्यापैकी कितीजण त्यावर चढले आहेत, असे विचारले तेव्हा पाच घरांपैकी दोन माणसे निघाली. तीही शाळेच्या सहलीची.

तेव्हा पाच कुटुंबांनी मिळून एक जीप केली आणि जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही महिमानगडला निघालो. सातारा-पंढरपूर रस्त्याने पुसेगाव मागे टाकून दहिवडीकडे जाताना हा गड दिसू लागतो. समुद्रसपाटीपासून तो तीन हजार फुटांहून उंच असला तरी आजूबाजूचा मुलूखच उंचावर असल्याने प्रत्यक्ष चढाई थोडी आहे. लहान मुले व साठीच्या पुढची माणसे घेऊन जाण्यासारखा म्हणूनच आम्ही हा निवडला. सह्याद्रीपासून सुटून पूर्वेकडे गेलेली ही शंभू महादेवाची डोंगररांग. वर्धनगड, महिमानगड, वारूगड हे सारे हिच्याच आसऱ्याने उभे आहेत. पावसाचे ढग पश्चिमेकडेच रिकामे होतात आणि या बाजूला वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. डोंगर बोडके, दगड तापलेला, मधूनमधून बाभळी आणि बोराटीची झुडपे. कोकणातले किल्ले पाहिलेल्यांना हे रूप आवडायला वेळ लागतो. आमची मुले मात्र याच रंगाच्या मातीची.

आमच्यात एक मावशी होत्या. वय सत्तरीच्या पुढे. बालपण याच रांगेतल्या एका वाडीत गेलेले, नंतर लग्न होऊन मुंबईला गेल्या आणि गिरणी बंद पडल्यावर मालकांबरोबर साताऱ्याला मुलाकडे आल्या. त्यांना गाडीत बसवून ठेवावे असा आमचा विचार होता. पायथ्याला जीप थांबली तशा त्या उतरल्या, पदर खोचला आणि वळणाच्या मळलेल्या वाटेकडे न जाता सरळ झुडपात शिरल्या. “हिकडनं या. त्या वाटंनं लांब पडतंय.” आम्ही बी. कॉम. झालेली माणसे त्यांच्या मागे निघालो. खरोखरच अर्ध्या वेळात दरवाजाखाली पोहोचलो.

“मावशी, लहानपणी वर बऱ्याचदा येत होता वाटतं?” आम्ही विचारले.

“वर? वर कशाला येतोय? सरपणाला हितपतोर यायचं. मोळी बांधायची आन् उन्हं चढायच्या आत खाली. वर काय काम हुतं आपलं?”

म्हणजे या रांगेतल्या चोरवाटा ज्या बाईला तळहातावरच्या रेघांसारख्या पाठ होत्या, तिने दरवाजाच्या आत पाऊल ठेवले नव्हते. कोणी अडवले होते असे नाही. वर जाऊन नुसते बघण्यासाठी सवड लागते, आणि सवड ही चीज तिच्या घरात कोणी पाहिली नव्हती.

मावशींचे हे बोलणे ऐकून आम्हाला ग्रँट डफची आठवण झाली. साताऱ्याला रेसिडेंट असलेल्या या इंग्रज अधिकाऱ्याने मराठ्यांचा इतिहास लिहिला, तो १८२६ साली प्रसिद्ध झाला. गडांची व्यवस्था कशी असे याचे वर्णन त्यात आहे. गडावर हवालदार असे, त्याच्याकडे किल्ल्या. सबनीस हजेरीपट आणि हिशेब ठेवी. कारखानीस धान्य व सामानसुमान पाही. गडकरी म्हणून ज्यांना इनाम जमिनी असत, त्यांत ब्राह्मण, मराठे, रामोशी, महार, मांग असे सगळे होते. पैकी रामोशी आणि महार यांच्याकडे बाहेरच्या चौक्यांचे काम. वाटांवर पाळत ठेवायची, बातमी आणायची, शत्रूच्या माणसाने वाट विचारली तर त्याला भलतीकडे लावून द्यायचे, मागे राहिलेले शिपाई गाठून कापायचे. थोडक्यात, गड पडू नये याची पहिली जबाबदारी उतारावरच्या या माणसांची. किल्ल्या आणि वह्या वरच्यांच्या हाती.

सबनीस म्हणजे आमच्याच धंद्यातला माणूस. हजेरी, पगार, शिल्लक. गडावर जोत्यांचे अवशेष पाहताना यातले सबनीसाचे दप्तर कोणते असेल, हाच विचार आमच्या मनात येत होता. त्या काळात ती वही आमच्या पणज्याच्या हाती आली नसती. अक्षरओळखच नव्हती, आणि ती होऊ द्यायची नाही अशीच व्यवस्था होती. आज आमच्यासारखे शेकडो कारकून कोषागारात, तहसिलीत, बँकेत तीच वही लिहितात.

गड लहान आहे. ढासळलेला दरवाजा, तट, बुरुज, खडकातले पाण्याचे तळे, एक मारुतीचे देऊळ आणि घरांची जोती. भराभर पाहिले तर अर्ध्या तासात संपतो. पण आम्ही बुरुजावर दोन तास बसलो. खाली पंढरपूरचा रस्ता सुतळीसारखा पडलेला. हवा स्वच्छ होती म्हणून पश्चिमेला वर्धनगड ओळखू आला. पूर्वेकडे माणचे उघडे पठार. याच तालुक्यात कुळकजाईजवळ माणगंगा उगम पावते आणि दहिवडी, गोंदवले, म्हसवड, आटपाडी, सांगोला करीत भीमेला जाते. पण वरून पाहताना नदी दिसत नाही, नदीची नुसती वाट दिसते. अलीकडे उपसा योजनांचे पाणी जेथे पोहोचले तेथे हिरवे चौकोन उमटले आहेत. मुलांनी ते मोजायला घेतले आणि त्यावरून भांडणही केले.

आम्ही मुलांना नैर्ऋत्येचे अंग दाखविले. तिकडे खटाव तालुका. त्या तालुक्यात गोरेगावला १९०१ च्या सुमारास दुष्काळी कामावर तलाव खोदला जात होता आणि सुभेदार रामजी तेथे रोखपाल होते. वडिलांना भेटायला निघालेला नऊ-दहा वर्षांचा भीमराव, भाऊ आणि भाचे मसूर स्टेशनवर उतरले. जात कळताच बैलगाडीवाले त्यांना नेईनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन गाडी मिळाली, ती मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने पायी चालणार. रात्रभर पाणी मिळाले नाही. ही हकीगत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. बुरुजावरून मसूरही दिसत नाही आणि तो गाडीरस्ताही दिसत नाही, परंतु मुलूख तोच. माण-खटावात दुष्काळी कामे ही काही नवी गोष्ट नव्हे. माणगंगेवरचा राजेवाडीचा मोठा तलाव, ज्याला म्हसवडचा तलाव म्हणतात, त्याचेही काम १८७६-७७ च्या दुष्काळातच सुरू झाले. धरणावर माती टाकणारे हात कोणाचे होते हे माणदेशातल्या वाचकांना सांगायला नको.

सहकाऱ्याच्या मुलाने युरोपची आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती आम्ही बुरुजावर बसून सर्वांना ऐकविली. जर्मनीत म्युन्स्टर नावाचे शहर आहे. तेथे संत लाम्बेर्ती चर्चच्या मनोऱ्यावर राखणदार ठेवण्याची शेकडो वर्षांची प्रथा आहे. पूर्वी गावात कोठे आग लागली किंवा शत्रू आला तर त्याने वरून शिंग फुंकायचे. आज अग्निशामक दल आहे, टेलिफोन आहेत, तरी त्यांनी ही जागा रद्द केलेली नाही. मंगळवार सोडून रोज रात्री नऊ ते बारा दर अर्ध्या तासाने शिंग वाजते. २०१४ साली या जागेवर प्रथमच एका स्त्रीची नेमणूक झाली. पगारी नोकरी, आणि गावाला तिचा अभिमान.

ऐकून मावशी म्हणाल्या, “म्हंजी येसकरच की!”

अगदी खरे. रात्री गावाची वेस लावायची, आला-गेला पाहायचा, चोराचिलटांची वर्दी द्यायची हे काम आपल्याकडे वेसकराचे. राखण तीच, जागरणही तेच. फरक एवढाच की त्यांचा राखणदार गावाच्या सर्वात उंच जागी आणि आपला वेशीच्या पायाशी, घोंगडीवर. त्याला महिन्याचा पगार, याला दारोदारची शिळी भाकरी. तो नोकरी सोडू शके. याचे काम वतन म्हणून मुलाच्याही गळ्यात. आटपाडीचे शंकरराव खरात (१९२१-२००१) पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आपल्या आत्मचरित्राला नाव देताना मात्र त्यांनी ‘तराळ’ हा शब्द पुढे ठेवला, ‘तराळ-अंतराळ’. या वतनातून सुटका व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले होते. प्रत्यक्षात कनिष्ठ गावकी वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने. म्हणजे मावशींच्या लहानपणी घरात वतन चालू होते. त्यांचे वडील रात्री कोठे असत हे आम्ही विचारले नाही.

गडावर जाणे ही तशी साधी बाब. तिकीट नाही, पहारा नाही. पण १९३४ साली बाबासाहेब तीसेक कार्यकर्त्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला गेले तेव्हा काय झाले हे सर्वांनी वाचले पाहिजे. धुळीचा प्रवास झालेला, दरवाजाबाहेर पाण्याचे छोटे तळे होते, काहींनी त्यात हातपाय धुतले. लगेच अस्पृश्यांनी तळे बाटवले म्हणून गलका झाला, जमाव जमला. बऱ्याच वादावादीनंतर किल्ल्यात सोडले, तेही हत्यारी शिपाई बरोबर देऊन. आत कोठे पाण्याला हात लावू नये म्हणून. कोलंबिया आणि लंडनच्या सर्वोच्च पदव्या मिळविलेला माणूस, आणि गड पाहताना पाठीशी पहारेकरी. महिमानगडच्या तळ्याकाठी आमची मुले पाण्यात खडे टाकून कोणाचा लांब जातो हे पाहत होती. आम्ही त्यांना थांबवले नाही.

आता थोडे माळवदाविषयी. सगळ्यांना गड चढणे जमेल असे नाही, पण माणदेशात चढायला घरोघर छत आहे. पाऊस कमी म्हणून येथे उतरते छप्पर लागत नाही. तुळयांवर लाकडे आडवी टाकायची, त्यावर काटक्या-पाचोळा आणि वर पांढरीची माती पसरून चोपायची, की झाले माळवद. पाणी जायला पन्हळ, उजेडाला छतात एक भोक. उन्हाळ्यात निजायला, मिरच्या-कुरडया वाळवायला आणि बायकांना शेजारणीशी बोलायला याच्यासारखी जागा नाही. गावातल्या वाड्याच्या माळवदावरून सगळे आळीबोळ दिसत. आपली घरे मात्र बहुधा छपराची किंवा खोपटाची. त्यावर चढायचे कसे? ते चढणाऱ्यासकट खाली यायचे. गरिबी हे कारण होतेच, पण एकमेव नव्हते. देशात कितीतरी ठिकाणी अस्पृश्याने कौलारू घर बांधणे हासुद्धा गुन्हा मानला जाई, असे बाबासाहेबांनी नोंदवून ठेवले आहे. छताचीही जात होती.

मुंबईला गेलेल्या आमच्या लोकांना पहिली पक्की गच्ची भेटली ती बी. डी. डी. चाळीत. १६० चौरस फुटांच्या खोलीत दहा माणसे. मग परीक्षेच्या दिवसांत पोरे गच्चीवर दिव्याखाली. मावशींनी वरळीची अशी गच्ची पंचवीस वर्षे वापरली. पापड तेथे, कपडे तेथे, जयंतीची मिरवणूकही तेथूनच पाहायची. आता त्या चाळी जाऊन उंच इमारती उभ्या राहत आहेत. त्यांच्या गच्चीवर पापड वाळत घालू देतील काय, ही मावशींची शंका रास्त आहे. आणि आमच्या आजोळच्या वस्तीत घरकुल योजनेतून सिमेंटच्या स्लॅबची घरे झाली, तेव्हापासून तेथे पोचल्यावर पोरे आधी जिन्याकडे धावतात, मग पाणी मागतात.

बुरुजावरून मावशी बराच वेळ आपली वाडी शोधत होत्या. विहिरीवरून खूण पटली. “ती बघा चिंच. तिच्या अलीकडं आमचं घर हुतं. एवढंसं दिसतंय हो! आन् आमाला तर वाटायचं वाडी केवढी मोठी.” मग त्यांनी सुनेला बोलावले, नातवाला बोलावले आणि बोटाने एकेक दाखवले. शेत कोणाचे, पाणवठा कोणाचा, कोणत्या ओढ्यात जनावर ओढून नेत, शाळा कोठे भरे. नातवाने ते सगळे मोबाईलमध्ये टिपले.

यानंतर उन्हाळ्यात हीच पाच घरे विजापूरला, म्हणजे आताच्या विजयपूरला जाऊन आली. आटपाडी-जत भागातल्या माणसाला हे शहर पुण्यापेक्षा जवळ. मुहम्मद आदिलशहाच्या (कारकीर्द १६२७ ते १६५६) थडग्यावर बांधलेला गोलघुमट हा चढण्याच्या दृष्टीने सेंट पॉलला मुळीच हार जाणारा नाही. चार कोपऱ्यांना सातमजली अष्टकोनी मनोरे, त्यांच्या आतून अरुंद जिने. खाली १८,२२५ चौरस फुटांचे एकसंध दालन आणि मध्ये एकही खांब नाही. वरच्या सज्जात एका बाजूला कुजबुजले की पलीकडच्या भिंतीशी कान लावलेल्याला ऐकू येते. मात्र रविवारी जाऊ नये. शे-दोनशे माणसे एकाच वेळी ओरडत असतात आणि कोणाचीच कुजबूज कोणाला कळत नाही. त्यापेक्षा त्याच गावातला उपळी बुरुज आम्हाला जास्त आवडला. १५८४ चा, सुमारे ८० फूट उंच, जिना बाहेरून वेटोळे घेत गेलेला. उजेडात चढता येते, भीती वाटत नाही आणि वरून अख्खे शहर दिसते.

अंधाऱ्या जिन्याची काळजी मात्र घ्यावी. दिल्लीच्या कुतुबमिनारात ४ डिसेंबर १९८१ रोजी वीज गेली, जिन्यात चेंगराचेंगरी झाली आणि ४५ जीव गेले. त्यांत शाळेची मुले बरीच होती. तेव्हापासून तो मिनार आतून बंद आहे. मुलांची सहल नेणाऱ्यांनी अशा ठिकाणी एका वेळी थोडी मुले सोडावीत, पुढे एक व मागे एक मोठे माणूस ठेवावे, आणि प्रत्येकाकडे बॅटरी असावी.

महिमानगडला जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. सातारा-दहिवडी एस. टी. ने महिमानगड गावाच्या फाट्यावर उतरावे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. मार्चनंतर दगड फार तापतो. वरचे पाणी पिण्यासारखे नाही, तेव्हा माणशी दोन बाटल्या बरोबर घ्याव्यात. सावली फक्त देवळापाशी. भाकरी, ठेचा आणि कांदा यांवर आमच्या वीस माणसांचे जेवण उत्तम झाले. जीपचे भाडे पाच घरांत वाटल्याने कोणालाच जड गेले नाही. झुडपातली जवळची वाट सापडेलच असे नाही. नसता भरवसा न धरता मळलेल्या वाटेनेच जावे. पुढच्या हिवाळ्यात बाणूरगडला, म्हणजे जुन्या भूपाळगडला जायचा बेत आहे. हा खानापूर तालुक्यात, सांगली जिल्ह्यात येतो. १६७९ साली दिलेरखानाने तो घेतला तेव्हा पकडलेल्या सातशे माणसांचे एकेक हात तोडले, असे इतिहास सांगतो. चढ थोडा जास्त आहे असे कळते. मावशींनी आतापासूनच विचारून ठेवले आहे की तिकडच्या वाडीतले कोणी ओळखीचे आहे का.